दिवाळीनंतर बघू

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीतल्या भाड्याच्या घरांत एक डाग हमखास उगवतो. स्वयंपाकघराच्या छताच्या कोपऱ्यात, ताटाएवढा, कडेला चहा सांडून वाळल्यासारखी तपकिरी रेघ. दोन दिवसांत तो परातीएवढा होतो, चौथ्या दिवशी रंगाचे पोपडे निघून ओट्यावर पडतात. मग मालकांना फोन जातो आणि ठरलेलं उत्तर येतं : "आवंदा पाऊसच तसा लागलाय की. पावसात काम कसं काढणार? दिवाळीनंतर बघू."

हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच ते चालतं. भर पावसात गच्चीचं काम खरंच होत नाही. ऑक्टोबरात पाऊस उघडला की डाग वाळतो, दिवाळीला त्यावर चुन्याचा हात फिरतो आणि विषय थंड पडतो. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये सुरू झाला असेल तर तो एप्रिल-मेमध्ये संपतो. पुढच्या जुलैत त्याच डागाखाली दुसरं बिऱ्हाड असतं.

अशा वेळी चारचौघांचा सल्ला एकच असतो : मग सोडा की घर, घरांना काय तोटा आहे? भाडेकरूचा खरा हक्क म्हणजे घर सोडण्याचा हक्क, बाकी बाजार बघून घेईल, असं यामागचं गृहीतक आहे. ते चुकीचं आहे, आणि तपासायला साधा हिशोब पुरतो.

विश्रामबागेच्या आसपासचं एखादं वन बीएचके घ्या. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापले घालून पाहावेत. घर बदलायचं तर दलाली एका महिन्याची, म्हणजे ८,०००. नवा करार, मुद्रांक, नोंदणी आणि घरी येऊन अंगठे घेणारा एजंट मिळून २,०००. छोट्या हत्तीच्या दोन खेपा आणि हमाली ४,०००. गीझर, पंखे, पाण्याचं फिल्टर, इन्व्हर्टर काढून पुन्हा बसवायला प्लंबर आणि वायरमन मिळून २,५००. जुन्या मालकाने 'रंगाचे' म्हणून डिपॉझिटमधून कापलेले ८,०००. जुनं घर महिनाअखेरपर्यंत आणि नवं पंधरा तारखेपासून, म्हणून अर्ध्या महिन्याचं दुहेरी भाडं ४,०००. बेरीज २८,५००. साडेतीन महिन्यांचं भाडं नुसतं जागा बदलण्यात गेलं. शिवाय जुनं डिपॉझिट किल्ली दिल्यावर मिळणार आणि नवं किल्ली घेण्याआधी द्यायचं, म्हणून आणखी ३०,००० काही दिवस उभे करावे लागतात. गॅसचा पत्ता, मुलांच्या रिक्षाचा मार्ग, कामावरच्या दोन दिवसांच्या रजा या हिशोबात धरलेल्या नाहीत.

२८,५०० ला अकरा महिन्यांनी भागलं की महिन्याला सुमारे २,६०० रुपये येतात. दुर्लक्षामुळे होणारा त्रास भाडेकरूच्या लेखी महिना २,६०० च्या आत आहे, तोवर तो घर सोडणार नाही. ८,००० भाडं देऊन साडेपाच हजारांच्या लायकीच्या घरात तो मुकाट राहील. मालक हा हिशोब कागदावर मांडत नसतील, पण अनुभवाने तो त्यांना पाठ असतो. बाजार दुर्लक्षाला शिक्षा करतो हे खरं, पण इतक्या वरच्या पातळीवर की तिथवर गोष्ट क्वचित जाते.

म्हणून प्रश्न घर सोडण्याचा नसून घरात राहून दुरुस्ती करवून घेण्याचा आहे. तो हक्क महाराष्ट्राच्या कायद्यात आहे, फक्त ज्यांना लागतो त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. कायद्याकडे येण्याआधी ओलीबद्दल बोलायला हवं, कारण निम्मी भांडणं 'पाणी येतं कुठून' यावरच अडतात आणि तिथे भाडेकरू हमखास हरतो.

ओल तीन वाटांनी येते. पहिली वरून, म्हणजे गच्चीतून. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग वाढतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की आक्रसतो. दुसरी वरच्या किंवा शेजारच्या बाथरूममधून. तिला ऋतू नसतो. एप्रिलमध्येही भिंत गार आणि ओलसर लागत असेल तर संशय नहाणी ट्रॅपवर, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यावर, किंवा फरशीच्या सांध्यांवर घ्यावा. दोन दिवस ते बाथरूम बंद ठेवून पाहावं, नाहीतर ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतून खाली रंग उतरतो का ते पाहावं. तिसरी जमिनीतून वर चढते. दोन-तीन फुटांवर आडवी रेघ, तिच्याखाली पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. सांगलीच्या काळ्या मातीत ही तिसरी ओल फार, आणि नदीकाठच्या भागात तर विचारायलाच नको.

चौथं कारण मालक सांगतात : "तुम्ही दारं-खिडक्या लावून घेता, म्हणून भिंतीला घाम येतो." तसंही कधी कधी होतं. खरंखोटं करायला एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर मालकांचं बरोबर. दोन्ही दिवसांचे फोटो तारखेसह ठेवावेत. दहा रुपयांच्या या चाचणीने अर्ध्या तासाची बाचाबाची वाचते.

आता गच्ची. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा सुमारे चार इंचांचा कोबा असतो आणि त्याला शंभरास एक असा उतार, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच, पावसाळी पाइपाकडे दिलेला असतो. पाऊस थांबून चोवीस तास झाल्यावरही जिथे डबकं उरतं तिथे उतार गेलेला असतो. पण बहुतेक गळती डबक्याखालून नव्हे, कडेने होते. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे गवंडी सिमेंटचा गोलवा देतात, त्याला वाटा म्हणतात. वाटा तडकला की पाणी भिंतीत उतरतं आणि खालच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात दिसतं. याशिवाय सोलर हीटरच्या स्टँडसाठी आणि डिशच्या छत्रीसाठी कोब्यात मारलेले बोल्ट, पाइपाच्या तोंडाशी साचलेला पाला, भरून वाहणारी टाकी. शेवटचं तर जवळपास फुकटात थांबणारं आहे, टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल-कॉक नवा टाकला की झालं, पण तेवढ्यासाठीही गच्चीवर चढावं लागतं.

दुर्लक्षापेक्षा वाईट असते ती जुलैतली मलमपट्टी. ओल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा डबा ओतून ब्रश फिरवला की मालकांना काम केल्याचं समाधान आणि भाडेकरूला महिनाभराची आशा मिळते. ओल्या पृष्ठभागावर लेप धरत नाही. खालची वाफ त्याला फुगवते आणि ऑगस्टात त्याच्या पापड्या निघतात. नीट कामाचा क्रम वेगळा आहे. पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी भुकटी काढायची. चिरा छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रुंद करून पॉलिमर घातलेल्या मसाल्याने भरायच्या. वाटा फोडून नव्याने करायचा. मग लेपाचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा, एकमेकांना आडवे. शेवटी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं ठेवायचं आणि खालून पाहायचं. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीला यासाठी सुमारे २,८०० लिटर पाणी लागतं. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील, खालचा गिलावा फुगून पोकळ वाजत असेल, तर पाणी भरू नये, आधी इंजिनिअरला दाखवावं. सळी गंजते तेव्हा फुगते आणि फुगताना काँक्रीट फोडते. तिथून पुढे प्रश्न गळतीचा उरत नाही, छत डोक्यावर येण्याचा असतो.

या कामाला कोरडे दिवस लागतात, म्हणजे नोव्हेंबर ते मे. भाडेकरू तक्रार जुलैत करतो आणि काम डिसेंबरात व्हायचं असतं. त्या पाच महिन्यांच्या फटीत सगळं हरवतं. तोंडी तक्रार तर पाऊस थांबण्याआधीच विरते.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ सांगतं की जागा राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काम झालं नाही तर स्वतः करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून कापावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आपल्या उदाहरणात वर्षाचं भाडं ९६,०००, म्हणजे २४,०००. गच्चीच्या एका कोपऱ्याचा वाटा आणि चिरा नीट करायला एवढी रक्कम पुरेशी ठरावी. घर सोडायला २८,५०० लागत होते, इथे २४,००० मध्ये घरच नीट होतं आणि पैसे ज्याचं घर त्याच्याकडून जातात. शहाणा कायदा आहे.

मेख इथेच आहे. हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. आज सांगलीत, साताऱ्यात, कुठेही घर भाड्याने मिळतं ते लिव्ह अँड लायसन्सवर, आणि त्या करारात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. कलम १४ त्याच्या कामाचं नाही. त्याच्या वाट्याला येतो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. त्याचं कलम ५७ म्हणतं की जागेत धोकादायक दोष असेल आणि तो मालकाला माहीत असून राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. दुरुस्तीचा, खर्च कापण्याचा हक्क त्यात नाही.

उलट बाजू मात्र पक्की बांधलेली आहे. १९९९ च्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई. त्यासाठी मालकाला दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत. सक्षम प्राधिकारी नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, त्याच्यापुढे संक्षिप्त पद्धतीने काम चालतं आणि राहणाऱ्याला बाजू मांडायची परवानगी मागायला तीस दिवस मिळतात. मालकाला असा जलद दरवाजा दिला याबद्दल तक्रार नाही. तो दिला म्हणून तर लोक घरं भाड्याने द्यायला धजावले. पण तीस हजारांच्या डिपॉझिटसाठी आणि गळक्या छतासाठी परवानाधारकाने दिवाणी दावा लावायचा आणि मालकाने घर रिकामं करायला प्राधिकाऱ्याकडे जायचं, हा न्याय एकाच पायावर उभा आहे.

यात आणखी एक गंमत आहे. प्राप्तिकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट देतो. दुरुस्ती, वसुली अशा खर्चांपोटी ती मानलेली आहे, आणि एकही पावती दाखवावी लागत नाही. आपल्या उदाहरणात ती २८ हजारांच्या आसपास जाते. महापालिका कायद्यानुसार घरपट्टीसाठी करयोग्य मूल्य काढताना वार्षिक भाड्यातून १० टक्के वजा होतात, तेही दुरुस्तीच्या नावाने. म्हणजे केंद्र आणि महापालिका दोघंही मालकाने दुरुस्ती केली असं धरून चालतात. ती झाली की नाही हे ज्याला डोळ्यांनी दिसतं, त्यालाच विचारायची सोय नाही. निवृत्त शिक्षक किंवा पेन्शनर मालकांना मुळात कर लागतच नसेल, हे मान्य. पण तत्त्व तेच राहतं.

मालकांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. सांगलीच्या गावभागात, खणभागात जुने वाडे आहेत. तिथे पिढीजात भाडेकरू असतात, कायद्याने वर्षाला चार टक्क्यांच्या वर भाडं वाढत नाही आणि मूळ भाडंच इतकं किरकोळ की त्यातून एक पत्राही बदलता येत नाही. त्या वाड्यांचं दुखणं वेगळं, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण 'कूळ लागलं की घर गेलं' ही धास्ती तिथून आली आणि तिने पुढची पन्नास वर्षं ठरवली. भाडेकरूला कुठलाही हक्क दिला की तो घर बळकावणार असं समीकरण बसलं, आणि लिव्ह अँड लायसन्समध्ये घराचा कब्जा आणि घराची दुरुस्ती हे दोन्ही हक्क एकाच झाडूने बाहेर काढले गेले.

त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. अकरा महिन्यांनी जाणाऱ्यालाही अकरा महिने कोरडं छत लागतं. कब्जा मालकाकडे राहू द्या, मुदत संपली की घर रिकामं करून घ्यायचा जलद मार्गही राहू द्या, फक्त दुरुस्तीचा हक्क घरात पैसे देऊन राहणाऱ्या प्रत्येकाला द्या, मग करारावर शब्द कोणताही असो. कलम १४ मध्ये 'या कलमापुरता भाडेकरू म्हणजे परवानाधारकही' एवढं एक वाक्य घातलं तर पुरे. आणि दुरुस्तीच्या नि डिपॉझिटच्या तक्रारी त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे चालवाव्यात.

याला नमुना आधीच आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांना पाठवला. त्यात निवासी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांची आहे. कुठली दुरुस्ती कोणी करायची याची यादी जोडलेली आहे : इमारतीचा सांगाडा, रंगसफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वायसर, बटणं, सॉकेट, काचा, तुंबलेली मोरी राहणाऱ्याकडे. मालकाने काम केलं नाही तर महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत कापता येतं, आणि घर राहण्याजोगं उरलं नसेल तर पंधरा दिवसांच्या नोटिसीवर सोडता येतं. महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो. तो अख्खा बदलायची वाट पाहायची गरज नाही, ती यादी उचलली तरी चालेल.

राहणारे खोटी बिलं लावतील, हा आक्षेप येईल. म्हणून तर मर्यादा, आधी दोन अंदाजपत्रकं मालकांना पाठवायची अट आणि आधीचे-नंतरचे फोटो. भाडी वाढतील, हा दुसरा. वाढू द्या. २० हजारांचं नीट केलेलं काम पाच पावसाळे टिकलं असं धरलं तर महिन्याला ३३३ रुपये पडतात. दरवर्षी बिऱ्हाड हलवायला पडतात ते २,६००.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर करारात लिहून घेण्याएवढा एकच मार्ग आहे, आणि तो वाटतो त्याहून भक्कम आहे. कलम २४ म्हणतं की लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. ही तलवार दोन्हीकडून कापते. मालकांच्या बाजूची कलमं एजंटाच्या तयार मसुद्यात असतातच, पण आपलं एखादं घातलं तर तेही तितकंच निर्णायक. त्या मसुद्यात एक ओळ सहसा असते : 'परवानाधारकाने सदर जागा पाहून ती सुस्थितीत असल्याची खात्री करून ताब्यात घेतली असून तिची देखभाल परवानाधारक स्वखर्चाने करील.' या एका ओळीने छतापासून मोरीपर्यंत सगळं तुमच्या गळ्यात येतं. ती काढा किंवा 'किरकोळ देखभाल, प्रत्येक वेळी रु. ५०० पर्यंत' अशी करा, आणि खाली लिहा : 'छत, भिंती, पाइप, वायरिंग यांची दुरुस्ती मालक करतील. पाणी, वीज किंवा मैलापाणी बंद पडल्यास सात दिवसांत आणि गळतीच्या बाबतीत लेखी कळवल्यापासून तीस कोरड्या दिवसांत दुरुस्ती न झाल्यास परवानाधारक ती करून घेईल व पावतीनुसार खर्च मासिक शुल्कातून, दरमहा निम्म्या शुल्काच्या मर्यादेत, वळता करील.' 'कोरड्या दिवसांत' हा शब्द मुद्दाम आहे. पावसाची सबब त्याने प्रामाणिक राहते आणि दिवाळीनंतर तारीख मोजता येते. रंगाबद्दलही एक वाक्य हवं : ओलीने खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापता येणार नाहीत. वरच्या हिशोबातले ८,००० तिथेच वाचतात.

आणि करार नोंदवा. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरी केला की काम झालं, असा समज सांगलीत अजून घट्ट आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हाही तसलाच. नोंदणी कायद्याची ती सवलत एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्यांना आहे खरी, पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत करार बंधनकारक केला आहे. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, आणि वादात अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. खर्च म्हणावा तर आपल्या उदाहरणात मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे साधारण सव्वादोनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकीचं एजंटाचं.

सांगलीत या कागदाला दुसरंही मोल आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा घरांत शिरलं. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा पहिला प्रश्न राहत्या पुराव्याचा असतो. घर मालकाचं, पण भिजलेला फ्रीज आणि धान्य राहणाऱ्याचं, आणि तो तिथे राहत होता हे सांगणारा कागद नसेल तर दोघांत वाद लागतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या बाजूला घर बघायला गेलात तर नव्या रंगावर जाऊ नका. लाकडी चौकटीचा खालचा भाग फुगलाय का, कपाटाच्या मागच्या भिंतीवर आडवी रेघ आहे का, मीटरच्या पेटीत गाळाचा पापुद्रा आहे का, ते पाहा. पुरात भिजलेल्या भिंतीत क्षार राहतात. वर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला तर ओल कोंडते आणि दोन वर्षांत लोणा पुन्हा फुटतो. तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायर खरंच आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून मागा. तो नसलेल्या ओल्या भिंतीच्या घरात दोन किलोवॉटचा गीझर, म्हणजे सुमारे नऊ अँपिअरचा भार, चालवणं धोक्याचं आहे.

ज्यांचा करार आधीच झाला आहे त्यांनी एक गोष्ट मुळीच करू नये : भाडं थांबवणं. राग समजण्यासारखा आहे, पण परवाना शुल्क थकलं की मालकांना करार रद्द करायचं कारण आयतं मिळतं आणि गळतीचा मुद्दा बाजूला पडून थकबाकी चर्चेत येते. भाडं बँकेतून, वेळेवर, 'अमुक महिन्याचं' अशी नोंद करून द्यावं. रोख देत असाल तर पावती मागावी. आणि तक्रार लिहून करावी. चार ओळी पुरतात : 'स्वयंपाकघराच्या पश्चिम भिंतीला छतापासून तीन फूट खाली ओल आली आहे. गच्चीवर त्याच जागी कठड्यालगतचा वाटा सुमारे चार फूट तडकला आहे. सोबत दि. १२, १५ व २० जुलैचे फोटो. पाऊस उघडल्यावर ३० नोव्हेंबरपर्यंत दुरुस्ती करावी, ही विनंती.' स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कोर्टात दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका. पुढे डिपॉझिट अडलं तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व लोकअदालतीचा अर्ज करावा. तिथे तडजोड झाली तर ती हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही.

महापालिकेकडे धोकादायक इमारत म्हणून तक्रार करता येते, पण विचार करून करा. नोटीस निघाली तर ती इमारत पाडायची किंवा रिकामी करायचीही असू शकते, आणि मग भर पावसात तुमचंच सामान रस्त्यावर. सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र हा विचार करू नये.

सरकारने आजच्या आज, विधिमंडळात न जाताही एक गोष्ट करण्यासारखी आहे. भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तयार मसुदा येतो. त्यात दुरुस्तीची यादी आणि 'तीस कोरडे दिवस' आधीपासून टाकून ठेवा, ज्यांना नको ते खोडतील. सध्या ज्याला हवं त्याला ते मागून घ्यावं लागतं, आणि मागणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याचा टेम्पो दारात उभा आहे.

म्हणून मागायची वेळ निवडावी. जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना एका खोलीमागे पाच गिऱ्हाइकं असतात, तेव्हा कोणी ऐकणार नाही. मार्चमध्ये नूतनीकरणाचं बोलणं निघतं तेव्हा घर मे महिना रिकामं राहण्याची काळजी मालकांना असते, एक महिना रिकामा म्हणजे ८,००० गेले. गच्चीही कोरडी असते आणि गवंडीही मोकळे असतात. वाटा करून घ्या, पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी भरा, दोन दिवसांनी स्वयंपाकघराचं छत दोघांनी मिळून बघू आणि मग अंगठा देऊ, हे बोलणं मार्चमध्येच होऊ शकतं.